सायन्स बिल्डिंगच्या भिंतीवर "भास्कराचार्य, जन्म : बीड" लिहू का नको? पेंटर शुक्रवारी येतोय

सीएचबी_मास्तर

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो, तासिका तत्त्वावर, म्हणजे पगाराची तारीख सोडली तर बाकी सगळं माझ्याच अंगावर. पुढच्या महिन्यात नॅकची कमिटी येणार म्हणून रंगरंगोटी चालू झालीय आणि प्राचार्य सरांनी मला व्हरांड्यातच गाठलं, की बिल्डिंगचा आणि नावाचा इतिहास आठ-दहा ओळीत लिहून द्या, पेंटर शुक्रवारी येतोय, अक्षरावर पैसे घेतो, लांबण लावू नका.

बिल्डिंग म्हणजे जुनी सायन्स. काळ्या दगडाची, दुमजली, खाली केमिस्ट्री न झूलॉजी, वर फिजिक्स न गणित. दारावर सिमेंटच्या उठावाच्या अक्षरात "भास्कराचार्य विज्ञान भवन" असं आहे, त्यातला रफार मी लागायच्या आधीच गळून पडलाय, त्यामुळं ते "भास्कराचाय" झालंय आणि बरोबर त्याच्या खाली चहाचा गाडा लागतो. पोरं पत्ता तसाच सांगतात.

आत जिन्याच्या वळणावर एक जुनं ऑइलपेंटचं चित्र आहे. घंगाळात तरंगणारी वाटी, तिच्यावर वाकलेली नऊवारीतली मुलगी, आणि गळ्यातला एक मोती निखळून वाटीत पडायलाय. खाली लिहिलंय : "महान गणिती भास्कराचार्य. जन्म बीड, इ.स. १११४. न्यूटनच्या ५०० वर्षे आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला. कन्या लीलावती." पोपडे आलेत म्हणून खरवडून नवीन करायचंय.

मी लिहायच्या आधी नेटवर बघितलं तर नुसता घोळ. कुणी म्हणतं भास्कराचार्य दोन होते, कुणी विजापूर म्हणतं, कुणी जळगाव जिल्हा. इकडं संस्थेतले एकजण म्हणून गेलेत "बीड काढलं तर माझ्याशी गाठ आहे". कुणाला पक्कं माहीत असेल तर सांगा राव. आणि बिल्डिंगबद्दल तर ऑफिसात कागदच नाही, फायली वाळवीनं खाल्ल्या. आमचे जुने विद्यार्थी इथं असतील तर बोला. मागं बाभळी आणि बुजवलेली विहीर, एवढ्यावरून ओळखाल.

बिंदुसरा_काठ

यात विचारायचं काय मास्तर, बीडच. त्यांनी स्वतः गावाचं नाव लिहून ठेवलंय विज्जडविड. पुढचं विज्जड गळालं, विड राहिलं, विडचं बीड झालं. निजामाच्या कागदात तर भीर होतं, म्हणजे नाव कसं बदलतं बघा. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात येतं ते ऊसतोडीला न दुष्काळाला, एक मोठा माणूस हाय तर तोबी काढून घ्यायलेत. लिहा बिनधास्त, मोठ्या अक्षरात लिहा.

गणितवाल्या_बाई

मास्तर, आधी सोपं ते उरकू. भास्कराचार्य दोन, हे खरं. पहिले सातव्या शतकातले, आर्यभटाच्या ग्रंथावर त्यांनी इ.स. ६२९ मध्ये भाष्य लिहिलं, आणि कोष्टक न उघडता साइनची किंमत जवळपास बरोबर काढायचं त्यांचं सूत्र मी बत्तीस वर्षं वर्गात दाखवत आले. पण तुमच्या भिंतीवर १११४ आहे, म्हणजे तुमचे दुसरे, लीलावती हा गणिताचा ग्रंथ लिहिणारे.

जन्मसालाचा वाद नाही कारण त्यांनीच श्लोकात सांगितलंय, "रसगुणपूर्णमही". रस ६, गुण ३, पूर्ण म्हणजे ०, मही १. आकडे उलटीकडून वाचायचे, झाले शके १०३६. त्यात ७८ मिळवा, १११४. आणि लगेच पुढच्या ओळीत "रसगुणवर्षेण", म्हणजे ३६ व्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी लिहिला, ११५० साली. तेच "रसगुण" एकदा जन्मशकात आणि एकदा वयात! हे वर्गात फळ्यावर लिहिलं की शेवटच्या बाकावरचं पोरगंसुद्धा मान वर करायचं.

आता गाव. त्यांचे शब्द असे आहेत की सह्य पर्वताच्या आश्रयानं वसलेलं, विद्वानांनी भरलेलं विज्जडविड. एवढंच. विजापूर मला पटत नाही, तिथं सह्याद्री कुठून आणायचा. बीडचं नातं नुसत्या उच्चारावरून जोडलेलं आहे, आणि नुसत्या नावावर जायचं म्हटलं तर महाराष्ट्रात पिंपळगाव किती आहेत ते मोजा. मी परीक्षक असते तर उत्तराला अर्धा मार्क दिला असता, पायऱ्या दाखवल्या नाहीत म्हणून.

चित्राबद्दल मात्र मी कडक आहे. ती घटिकापात्राची, म्हणजे वेळ मोजायच्या भोकाच्या वाटीची गोष्ट, मोती पडून भोक बुजलं न लग्नाचा मुहूर्त टळला, ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात कुठंच नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं त्यात ती येते, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनी. ग्रंथात कधी "बाले लीलावति" अशी हाक आहे, कधी "सखे". यावरून ती मुलगी होती का बायको का नुसतीच कल्पनेतली विद्यार्थिनी, कसं ठरवणार? आणि गोष्टीत ती बिचारी फक्त लग्न मोडलेली मुलगी आहे, पुस्तकात तिला वर्गमुळं घालायला लावलीत.

घाटमाथा

मी कन्नडचा, म्हणजे मराठवाड्याच्या पार कडेचा, घाट उतरला की खानदेश. पाटणादेवी (गाव पाटण) आम्हाला मामाच्या गावासारखी, चाळीसगावच्या अलीकडं जंगलात आहे, वरच्या अंगाला पितळखोऱ्याची लेणी. श्रावणात केदारकुंडाचा धबधबा बघायला म्हणून जायचो, देवीचं हेमाडपंती देऊळ, बाहेर माकडं पिशव्या ओढतात, आणि शिलालेख वगैरे असतो हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

तो शिलालेख या सगळ्या भांडणातला खरा कागद आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो १८६५ च्या सुमाराला उजेडात आणला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची यादीच आहे, त्रिविक्रमापासून सुरू होते, मग खाली येत येत महेश्वर, महेश्वराचे भास्कर, भास्कराचा मुलगा लक्ष्मीधर, लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. नऊ पिढ्या. हा चांगदेव म्हणजे नातू, देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्यानं तिथं मठ काढला आणि मठ कशासाठी तर आजोबांचे ग्रंथ शिकवायला. म्हणजे मास्तर, भास्कराचार्यांच्या नावानं चाललेली पहिली सायन्स बिल्डिंग तुमची नव्हे, ती पाटणची, शके ११२८ ची, इ.स. १२०६-०७.

आता खरी मजा. लेख संस्कृतात आहे पण शेवटी शेवटी मराठी सुरू होते, कारण तिथं पैशाचं बोलायचंय आणि ते बाजारातल्या माणसाला कळायला पाहिजे. त्या गावात जो माल विक्रीला येईल त्यावरचं राजाकडं जाणारं उत्पन्न मठाला, "मढा दीन्हला" असे शब्द आहेत. आणि जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागं पळी पळी तेल. पाचशे-सातशे वर्षं नाही, चांगली आठशे वर्षं झाली, पण वाचताना असं वाटतं की पावती पुस्तक घेऊन माणूस घाण्यावर उभाच आहे. ते दान देणारा सोइदेव हा तिथला निकुंभ घराण्याचा सरदार, यादवांचा मांडलिक, आणि दिवस श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा. ग्रहणाचं गणित करणाऱ्याच्या मठाला ग्रहणाच्या मुहूर्तावर दान, कुणी मुद्दाम जुळवलं असेल तर सलाम.

बिंदुसरा_काठ

ते सगळं ठीक हाय पण नातवानं मठ पाटणला काढला म्हणून आजा तिथंच जन्मला असं कुठं हाय? मी पुण्याला नोकरी करतो, पोरानं उद्या पुण्यात शाळा काढली तर मी पुण्याचा होणार का? आन सह्याद्रीचं म्हणाल तर बालाघाट बी सह्याद्रीचीच रांग हाय, भूगोलाच्या पुस्तकात बघा.

गणितवाल्या_बाई

बालाघाटाचा मुद्दा बरोबर आहे, तो मी विसरले होते. पाऊण मार्क.

घाटमाथा

दादा, त्याच लेखात लक्ष्मीधराबद्दल एक ओळ आहे. सगळ्या शास्त्रात हुशार आहे असं बघून जैत्रपाल राजानं त्याला "पुरादतः", म्हणजे "या गावातून" नेलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. लेख पाटणचा, तेव्हा "या गावातून" म्हणजे पाटणहून. घर तिथं होतं हे पक्कं. आजोबांचा जन्म तिथलाच का, तेवढं एक दार तुमच्यासाठी उघडं ठेवतो.

पण तुम्ही नेलं कुठं ते बघत नाहीत. जैत्रपाल कुठला राजा? देवगिरीचा यादव. मुलगा देवगिरीच्या दरबारात, नातू देवगिरीच्या दरबारात. मराठवाड्याचं नातं भिंतीवर पाहिजेच असेल तर देवगिरी लिहा की, त्याला दगडात कोरलेला पुरावा आहे. बीडसाठी भांडत बसण्यात आपण हातातलं सोडायलोत.

८२_ची_बॅच

हात वर. बाभळी आणि बुजवलेली विहीर म्हटल्यावर कळलं. त्या विहिरीत आमच्या एका मित्राची सायकल आहे, तो विषय वेगळा.

मास्तर, दगड कुठून आला ते लिहून घ्या कारण हे सांगणारे आता थोडे राहिलेत. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावाच्या माळावर खडी फोडायचं काम होतं. मी दहा वर्षांचा, आई जायची न मी तिच्या मागं. दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोच्या लाल भाकरी, त्या थंड झाल्या की चामड्यासारख्या व्हायच्या. पाऊस झाला, कामं बंद पडली, फोडलेल्या आणि न फोडलेल्या दगडाचे ढीग तसेच राहिले. ते संस्थेनं घेतले. तोपर्यंत सायन्सचे वर्ग टिनशेडात भरायचे, उन्हाळ्यात पत्रा तापला की मेण वितळण्याचा प्रयोग वेगळा करायची गरज नव्हती. मी ११ वीला आलो तेव्हा खालचा मजला झालेला होता, वरचा चालू होता. आईला पहिल्यांदा कॉलेज दाखवायला नेलं तर ती वर्गबिर्ग काही बघेना, भिंतीला हात लावून म्हणाली हा माळावरचाच दगड हाय.

केमिस्ट्रीच्या मागं एक कोपऱ्यातली खोली आहे ना, आता तिथं फुटके बाक असतील. ती गॅस प्लांटची. सिलिंडर नव्हते, पेट्रोलच्या वाफेवर बर्नर चालायचे. लॅबचे मामा सकाळी यंत्र चालू करायचे आणि दर अर्ध्या तासाला सगळ्या लॅबच्या ज्योती एकदम बारीक व्हायच्या, मग आम्ही सगळे एका सुरात "मामाऽऽ". वायू तयार करायच्या किप्सच्या यंत्राचा सडक्या अंड्याचा वास वरच्या गणिताच्या वर्गात जायचा आणि गणिताचे सर खिडक्या लावून इंटिग्रेशन शिकवायचे.

नावाचं तर ऐका. आधी एका शेठजींचं नाव ठरलं होतं, त्यांनी देणगी कबूल केली होती. पण पैसे काही येईनात, आज देतो उद्या देतो. त्यात ७ जून १९७९ ला भास्कर उपग्रह सुटला, रशियातून सोडला होता, आपला आर्यभटानंतरचा दुसरा. पेपरात फोटो, रेडिओवर बातमी. आमच्या फिजिक्सच्या सरांनी तो पेपर मीटिंगमध्ये टेबलावर टाकला म्हणे आणि सांगितलं, शेठजींची वाट बघण्यापेक्षा यांचं नाव द्या, यांना पैसे मागायला जायची गरज नाही. झालं.

आता बाई, तुमच्या "पहिले का दुसरे"ची गंमत. तो उपग्रह दोन्ही भास्करांच्या नावाचा होता! म्हणजे बिल्डिंग नक्की कुणाची हे मीटिंगमध्येसुद्धा कुणी विचारलं नाही. मोत्याचं चित्र नंतर चित्रकला शिकवणाऱ्या सरांनी गॅदरिंगच्या वेळी काढलं, त्यांना गोष्ट माहीत होती ती लीलावतीची, म्हणून दुसरे भास्कराचार्य कायम झाले.

जाता जाता : नावाचा विचार केलेलं कॉलेज बघायचं तर बाबासाहेबांचं. १९५० ला औरंगाबादला काढलं आणि नाव मिलिंद. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना वाटायचं कुणाच्या मुलाचं नाव असेल. तो ग्रीक राजा मिनँडर, विद्वानांना प्रश्न विचारून बेजार करणारा, आणि त्याला उत्तरं देणारा भिक्खू नागसेन, म्हणून परिसर नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला, उत्तर देणाऱ्याचं झाडांना.

बॅकलॉग_किंग

न्यूटनवाली ओळ ठेवा सर, आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येते, पाहुण्यांना ओळखीची वाटेल 😄

गणितवाल्या_बाई

ती ओळ पहिली खरवडा. मूळ श्लोक त्याहून कितीतरी चांगला आहे. त्यांच्यापुढचा प्रश्न असा की पृथ्वीला खालून आधार कशाचा? शेष, कासव, हत्ती, मग त्यांच्या खाली काय? ते म्हणतात पृथ्वीला ओढून घ्यायची शक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडं ओढते म्हणून ती पडल्यासारखी दिसते. आणि मग विचारतात, सगळ्या बाजूंनी सारखंच आकाश असताना ही पृथ्वी पडणार तरी कुठं? हे बाराव्या शतकात. पण अंतर दुप्पट झालं की ओढ चौपट कमी होते, आणि तीच ओढ चंद्राला फिरवते, हे न्यूटनचं, ते त्यांच्याकडं नाही. दोघांनाही आपापलं द्या. तुम्ही फिजिक्सवाले, नॅकच्या कमिटीत एखादा फिजिक्सचा निघाला तर जिन्यातच थांबवेल.

शेखी मिरवायचीच असेल तर ६१ ची मिरवा. एका वर्गसंख्येला ६१ नं गुणा, त्यात १ मिळवा, उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग आलं पाहिजे. करून बघा, आयुष्य जाईल, कारण सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ आहे. फ्रेंच गणिती फर्मानं १६५७ मध्ये युरोपातल्या गणित्यांना हे आव्हान दिलं. भास्कराचार्यांनी ते पाचशे वर्षं आधी चक्रवाल नावाच्या पद्धतीनं सोडवून आपल्या बीजगणित या ग्रंथात उदाहरण म्हणून टाकलेलं होतं. पद्धत त्यांच्याही आधीच्या जयदेवाची, तेही लिहा, नाहीतर आपण पण त्या फॉरवर्डवाल्यांसारखेच.

आणि मोत्याच्या जागी लीलावतीतलंच एक गणित काढा की. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या तिप्पट लांबून, २७ हातांवरून, साप बिळाकडं येतोय. मोर तिरपी झेप घेतो, दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? चित्र पण छान होईल.

सीएचबी_मास्तर

मंडळी, उशीर झाला, पेपर तपासणीत अडकलो होतो. काय झालं ते सांगतो.

मजकूर बाईंच्या न घाटमाथा दादांच्या जिवावर लिहिला. "भास्कराचार्य, जन्म शके १०३६, गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड" असं त्यांच्याच शब्दात ठेवलं. मग मुलगा आणि नातू देवगिरीच्या यादवांकडे, पाटणचा मठ, बाजारातल्या उत्पन्नावर न घाण्याच्या तेलावर चाललेला. बिल्डिंगसाठी एकच ओळ, "या इमारतीचा दगड १९७२ च्या दुष्काळी कामावर आपल्या माळावर फोडला गेला." प्राचार्य सर त्या ओळीवर थांबले, म्हणाले ही पहिली घ्या. त्यांची पण आई होती म्हणे खडीवर.

संस्थेतल्या साहेबांनी विज्जडविड वाचलं आणि म्हणाले "हे बीडच ना?" मी म्हणलं बरेच लोक तसं म्हणतात साहेब. खूश होऊन गेले. बिंदुसरा दादा, तुमचा पाऊण मार्क असा वसूल झाला.

रफार पेंटरनं फुकट लावून दिला. चहावाला नाराज आहे.

मोत्याचं चित्र खरवडायला जीव होईना, जुन्या सरांचा हात होता, म्हणून ते वार्निश मारून ठेवलं आणि खाली बारीक अक्षरात "दंतकथा" लिहिलं. मोर न साप समोरच्या भिंतीवर काढलेत, खाली गणित, उत्तर लिहिलं नाही. सोमवारी सकाळी बघतो तर ओल्या रंगावरच कुणीतरी पेन्सिलीनं १२ लिहून ठेवलंय, आणि त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात १५, त्याच्यावर दोन रेघा मारून.

१५ वाल्याला शोधायलोय. त्याचं गणित बरोबर आहे, १५ हात तर दोघांनी कापले, त्यानं प्रश्न नीट वाचला नाही एवढंच.